अमेरिकेचं लोखंड, जपानचा पत्रा

चारुदत्तराव आगट्यांसमोर कुणी जपानी गाडीचं कौतुक केलं, की त्यांचा उजवा डोळा आपोआप बारीक व्हायचा. हा डोळा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत तयार झालेला होता. कस्टम्समध्ये अप्रेझर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. परदेशातून आलेली पेटी उघडायची, आतला माल उलटासुलटा करून बघायचा, आणि वर काहीही छापलेलं असो, हा माल खरा कुठल्या देशाचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाला मतं नसतात, निकाल असतात. घड्याळ स्विस, कात्री जर्मन, आंबा रत्नागिरीचा आणि गाडी अमेरिकन. यावर अपील नाही.

त्यांची स्वतःची गाडी अर्थातच अमेरिकन होती. गडद मरून रंगाची, जुनी, पण दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. पाहुणे आले की चारुदत्तराव त्यांना खाली नेऊन दार उघडून लावून दाखवत. "ऐकलंत? याला म्हणतात लोखंड. जपान्यांची दारं लावून बघा, नुसता पत्रा!" आता ज्या अमेरिकन कंपनीने ही गाडी बनवली तिने मध्यंतरी हिंदुस्थानातून गाशा गुंडाळला, ही गोष्ट खरी. पण घरातल्या कुणी संन्यास घेतला तर त्याचा विषय चारचौघांत काढायचा नसतो, तसा हा विषय आगट्यांच्या बेहालाच्या फ्लॅटमध्ये कुणी काढत नसे.

काढला तो दिगंबर नवाथ्यांनी, आणि तोही मंडळाच्या मीटिंगमध्ये, गणपतीच्या तोंडावर.

आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळाचा गणपती बराकपूरहून येतो. म्हणजे मूर्तिकारांची कुमारटुली हाकेच्या अंतरावर असताना आम्ही वीस-पंचवीस किलोमीटर लांब जातो, यावरून आम्ही मराठी आहोत हे लक्षात यावं. इथले मूर्तिकार मोठे कलावंत आहेत, त्यात वादच नाही. पण त्यांचा गणपती दुर्गेचा मुलगा वाटतो, लाडात वाढलेला. आपला गणपती कसा, घरातला कर्ता पुरुष दिसला पाहिजे. तशी मूर्ती बराकपूरला श्यामराव घाटगे करतात. श्यामराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि छावणीच्या ओढीने तिथेच राहिले. शाडू ते कोकणातून मागवतात आणि मूर्ती अशी घडवतात, की बाप्पा सावधान स्थितीत बसलेत असं वाटतं.

ही मूर्ती आणण्याचा मान कैक वर्षं चारुदत्तरावांच्या गाडीचा. डोक्यावर काळी टोपी घालून ते गाडी चालवत मंडळाच्या दारात येत, मूर्ती हातात घेत, अध्यक्षांच्या पत्नी अलकाताई त्यांच्या पायांवर पाणी घालून त्यांना ओवाळत, आणि त्या क्षणी चारुदत्तराव गोदीतले अप्रेझर राहत नसत, कुणीतरी वेगळेच होत. यंदाचं हे शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर रिटायर होऊन ते ठाण्याला जायचे होते. ऑफिसात त्यांच्या टेबलावर पोरांनी आधीच दुसऱ्याची पाटी करून ठेवली होती, आणि ती पाटी ते रोज पालथी घालत. तेव्हा निदान हा एक मान तरी शेवटपर्यंत हातचा जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि नवाथे मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "यंदा मूर्ती आमच्या गाडीतून आणू या. नवी आहे, जपानी आहे, विश्वासाची आहे."

नवाथे एका खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांना कुठल्याही वाक्याच्या शेवटी 'विश्वासाची' हा शब्द बसवता येतो.

"म्हणजे आमची काय अविश्वासाची आहे?" चारुदत्तराव म्हणाले.

"तसं नव्हे हो आगटे. पण तुमच्या गाडीचे आईबाप देश सोडून गेलेत. पोरकी आहे ती बिचारी. उद्या वाटेत काही झालं तर पार्ट कुठून आणणार?"

"काही होणारच नाही! अमेरिकन गाडीला काही होत नसतं! पार्ट तुम्हाला लागतात, कारण तुमची गाडी म्हणजे नुसते पार्टच आहेत!"

मग जी जुंपली ती विचारू नका. मायलेज निघालं, पत्र्याची जाडी निघाली, दुसरं महायुद्ध निघालं. कुणीतरी मध्येच जर्मन गाडीचं नाव काढलं आणि तिची सर्व्हिसिंग कशी मंगळसूत्र विकून करावी लागते ते ऐकून खाली बसलं. शेवटी अध्यक्ष सुधाकरराव उभे राहिले. सुधाकरराव बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी एकाही कर्जाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "दोन्ही गाड्या जाऊ देत. बराकपूरला जी कुरकुर न करता आधी पोचेल, मूर्ती तिच्यातून येईल."

झालं! बेहालात ही बातमी चारुदत्तरावांच्या आधी पोचली. तळमजल्यावरचे घोषालदा ओट्यावर वाटच बघत बसले होते. घोषालदांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला निःपक्षपाती असतो.

"आगटेबाबू, गाडी आणि इलिश मासा, दोन्ही नाकाने ओळखायचे," ते आपल्या हिंदीत म्हणाले. "बॉनेट उघडा." बॉनेट उघडलं. घोषालदांनी आत डोकं घालून लांब श्वास घेतला. "पोट बिघडलंय हिचं. उष्णता आहे."

"दादा, इंजिन आहे ते, गरम असतंच."

"आरे मोशाय, माणूसही गरम असतो. पण ताप वेगळा."

चारुदत्तरावांना राग आला तो यासाठी, की मेकॅनिकनेही तेच सांगितलं. पाण्याचा पंप गेला होता. नवा पंप मिळेना, कारण, जाऊ द्या, कारण तुम्हाला माहीत आहे. मग जुन्या पार्टांच्या मल्लिकबाजारात दोन शनिवार घालवून त्यांनी एक जुना पंप मिळवला. दुकानदार म्हणाला, "एकदम ओरिजिनल." कशातला ओरिजिनल, ते त्याने सांगितलं नाही आणि चारुदत्तरावांनी विचारलं नाही. उभ्या गोदीत ज्यांच्या नजरेतून खोटा बिल्ला सुटला नाही, त्यांनी स्वतःच्या गाडीत बसणारी वस्तू उलटी करूनसुद्धा पाहिली नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात, ते हेच असावं. त्या गडबडीत गाडीचं पोल्यूशन सर्टिफिकेट संपून गेलं, तेही तसंच राहिलं.

चतुर्थीची सकाळ उजाडली. आदल्या दिवशी हरतालिका, म्हणजे चारुदत्तरावांच्या सुचित्राबाई आणि नवाथ्यांच्या वासंतीवहिनी या दोघींचा कडक उपास, वर रात्रीची जाग्रणं. पोटात चहाखेरीज काही नाही. अशा दोन बायकांना गाडीत बसवून आपण आंतरराष्ट्रीय प्रश्न सोडवायला निघालो आहोत, याचं भान दोन्ही नवऱ्यांना नव्हतं.

मंडळाच्या दारात गाड्यांची पूजा झाली. सुचित्राबाईंनी अमेरिकन गाडीला चार अक्षता टाकल्या आणि "चला, उशीर होतोय," म्हणून आत बसल्या. वासंतीवहिनींनी मात्र सगळं यथासांग केलं. जपानी गाडीच्या थेट नाकावर, जिथे तो चकचकीत बिल्ला असतो तिथे, त्यांनी ओल्या हळदीकुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं. वर झेंडूचा जाड हार बांधला. नारळ फोडला, त्याचं पाणी वर शिंपडलं. गाडी अगदी नवरीसारखी नटली.

आता त्या बिल्ल्यामागेच गाडीचा डोळा होता. पुढे काही आडवं आलं की गाडी आपणहून ब्रेक लावते, अशी ती सोय. नवाथ्यांनी मीटिंगमध्ये या डोळ्याचं वर्णन करायला बराच वेळ घेतला होता. पण डोळ्यात कुंकू गेलं तर काय होतं, हे जपानात कुणाच्या मनात आलं नसावं.

श्यामबाजारपर्यंत ठीक चाललं. पुढे बी.टी. रोडला लागल्यावर जपानी गाडी मध्येच केकाटायला लागली. टीं टीं टीं! आणि गचकन थांबली. पुढे काही नाही, मोकळा रस्ता. नवाथ्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा टीं टीं टीं, पुन्हा गचका. मागून बसवाल्याने जे बंगाली ऐकवलं ते वासंतीवहिनींना समजलं नाही, नवाथ्यांना समजलं. त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून एका गोड आवाजाने सांगितलं, "कृपया गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करून वाट पहावी." बी.टी. रोडवर सुरक्षित ठिकाण असतं तर मग काय हवं होतं!

चारुदत्तरावांनी शेजारून जाताना काच खाली केली. हात हलवला. मग हॉर्न वाजवला, आणि तो हॉर्न बराच वेळ वाजवला.

"अहो, थांबा ना, त्यांना काय झालंय बघा तरी," सुचित्राबाई म्हणाल्या.

"जपान झालंय," चारुदत्तराव म्हणाले आणि गिअर टाकला.

बराकपूरला ते पहिले पोचले. एकदाही कुरकुर नाही, एकदाही धूर नाही. श्यामरावांच्या अंगणात त्यांनी गाडीचं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. इतकं सुख त्यांना बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं. मागाहून बऱ्याच वेळाने नवाथे आले. हार काढून डिकीत टाकलेला, हातरुमाल लालभडक. वासंतीवहिनी उतरल्या त्या तडक सुचित्राबाईंकडे गेल्या.

"स्वस्तिक पुसलं यांनी," त्या सुचित्राबाईंना म्हणाल्या. "शुभकार्याला निघताना. रुमालाने!"

"अगं पण गाडी चालत नव्हती," नवाथे म्हणाले.

"मग अशी गाडी घेतलीत कशाला, जिला कुंकू चालत नाही?"

नवाथ्यांनी लालभडक रुमाल खिशात कोंबला.

श्यामरावांनी मूर्ती तयार ठेवली होती. तोंडावर लाल रेशमी रुमाल, खाली पाट. त्यांनी ती स्वतः उचलून अमेरिकन गाडीत मागच्या सीटवर सुचित्राबाईंच्या मांडीवर ठेवली, आणि दरवर्षीचा हुकूम दिला. "एकदा बसवली की मंडळाच्या मखरात उतरवायची. मध्ये या गाडीतून त्या गाडीत असलं काही चालणार नाही. आणि शाडू आहे, नीट सुकायला उसंत मिळाली नाही यंदाच्या पावसात. तापवू नका, तडा जाईल. तडा गेलेली मूर्ती पुजता येत नाही. समजलं?"

"श्यामराव, अमेरिकन गाडी आहे," चारुदत्तराव म्हणाले.

"गाडीचं मला सांगू नका. मूर्तीचं बोला."

"मोरया!" सगळे म्हणाले आणि निघाले.

सोदपूरच्या अलीकडे काटा वर सरकायला लागला. चारुदत्तरावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं, पण सुचित्राबाईंना कळू नये म्हणून मान वळवून पाहिलं. मग काटा लाल पट्ट्यात गेला आणि पुढे ट्रॅफिक जाम झाला. अशा वेळी एकच उपाय असतो. गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिनाला आराम पडतो. हा उपाय त्यांनी केला. कलकत्त्याचा भाद्रपद, दमट हवा, बंद पडत चाललेला रस्ता, आणि गाडीत हीटर.

"अहो! हे काय लावलंय? गरम वारा येतोय!"

"इंजिनसाठी आहे. थोडं सहन कर."

"मी करीन हो. पण बाप्पा? श्यामरावांनी काय सांगितलं? तापवू नका म्हणाले ना!"

एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला मूर्ती. इंजिन वाचवावं तर मूर्तीला तडा जायचा, मूर्ती वाचवावी तर गाडी थांबायची. गाडी थांबली तर मान गेला, मूर्ती तडकली तर मंडळाचा गणपतीच गेला. असला पेच गोदीत कधी पडला नव्हता. मागे सुचित्राबाई पदर बाटलीतल्या पाण्याने भिजवून बाप्पांच्या पाटाभोवती धरत होत्या, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राने वारा घालत होत्या, आणि स्वतः घामाने निथळत होत्या. कालपासून पोटात अन्न नाही. त्यांच्या तोंडून निघत होतं ते अथर्वशीर्ष होतं की दुसरं काही, हे चारुदत्तरावांनी विचारलं नाही.

शेवटी प्रश्न गाडीनेच सोडवला. बॉनेटमधून पांढरी वाफ उठली, खालून पाणी वाहिलं, आणि अमेरिकेने बी.टी. रोडच्या कडेला देह ठेवला.

मागून नवाथे आले. त्यांनी काच खाली केली नाही, सरळ उतरले. टोपी घातलेले दोन सद्गृहस्थ बॉनेटवर ओणवे झाले.

"पंप," नवाथे म्हणाले.

"दिसतंय," चारुदत्तराव म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांचा उजवा डोळा बारीक झाला. पंपाच्या अंगावर, गंजाखाली, काही अक्षरं होती. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं. उभ्या आयुष्याचा सराव. "नवाथे," ते ओरडले, "पंप जपानी आहे! मेड इन जपान! वाचा! अमेरिकन गाडी अजून भक्कम उभी आहे, बिघडलाय तो जपान!"

"वा! म्हणजे तुमचा अमेरिकन पंप आधीच गेला होता, म्हणून हा लावलात ना? आमच्या जपान्याने तुम्हाला बराकपूरला नेलं आणि अर्ध्या वाटेपर्यंत परतही आणलं! आभार माना!"

"असं? मग तुमचा तो कुंकवाने आंधळा झालेला डोळा कुठला, ते पाहू या!" आणि चारुदत्तराव झब्ब्यासकट रस्त्यावर बसून जपानी गाडीच्या नाकाखाली शिरले. मोबाइलचा टॉर्च लावला. बाहेर आले तेव्हा टोपी काळी होती ती आणखी काळी झाली होती, आणि चेहऱ्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"कुठला निघाला?" नवाथ्यांनी विचारलं.

खोटा निकाल देणं चारुदत्तरावांच्या रक्तात नव्हतं. "मेड इन यूएसए," ते म्हणाले.

"हात्तिच्या! बघा! केकाटत होता तो अमेरिकन!"

आणि भर रस्त्यात, रणरणत्या उन्हात, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुणाच्या पोटात कुणाचा पार्ट, आणि दोष पार्टाचा की पोटाचा.

"अहो!" मागच्या सीटवरून सुचित्राबाईंचा आवाज आला. तो आवाज असा होता की दोघांनीही तोंडं मिटली. "माझ्या मांडीवर देव आहे. मला मुंग्या आल्यात. बारा वाजेपर्यंत प्रतिष्ठा व्हायची आहे. आता ठरवा, हलणार आहात की मी इथेच आरती सुरू करू?"

मूर्ती नवाथ्यांच्या गाडीत हलवायची नाही, हुकूम होता. अमेरिकन गाडी जागची हलणार नाही, हे उघड होतं. मग उरला एकच मार्ग, आणि तो वासंतीवहिनींनी सुचवला. "आमची गाडी तुमची गाडी ओढू दे."

चारुदत्तरावांना आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. जपान्याच्या मागे दोरीने बांधून घ्यायचं! त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटवर लाल रुमालाखाली बसलेल्या बाप्पांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दोर आणा."

दोर शोधावा लागला नाही. पूजेचे दिवस जवळ आलेले, रस्त्याच्या कडेला दुर्गेच्या मांडवाचे बांबू चढत होते. मांडववाल्यांनी कामं टाकली, जाड काथ्याचा दोर आणला आणि चौघांनी मिळून दोन गाड्यांमध्ये अशी गाठ मारली, की ती बघून नवाथे म्हणाले, "सुटेल ना ही?" त्यांच्यातला म्होरक्या दुखावला. "आमची गाठ दशमीपर्यंत सुटत नाही, दादा," तो अभिमानाने म्हणाला.

अशा थाटात मिरवणूक निघाली. पुढे कुंकवाचे डाग पडलेला जपान, मागे बंद पडलेली अमेरिका, मध्ये बंगालचा दोर. रस्त्यावरचे लोक आत मूर्ती पाहून हात जोडत होते, आणि चारुदत्तराव स्टिअरिंग धरून असे बसले होते, की जणू गाडी तेच चालवताहेत. एकदोनदा त्यांनी हॉर्नही दिला.

डनलपच्या चौकात सार्जंटने हात केला. पुढच्या गाडीचे कागद ठीक होते. मागच्या गाडीचं पोल्यूशन सर्टिफिकेट संपलेलं निघालं.

"साहेब, इंजिन बंद आहे," चारुदत्तराव सरकारी नोकराने सरकारी नोकराशी बोलावं तसं म्हणाले. "बंद इंजिन धूर सोडत नाही. धूर नाही तर पोल्यूशन नाही. तत्त्वतः हे वाहनच नव्हे. ओढून नेला जाणारा माल आहे हा."

"माल आहे?" सार्जंट म्हणाला. "मग मालाचं चलन दाखवा."

तीस वर्षांहून जास्त काळ हेच वाक्य चारुदत्तराव दुसऱ्यांना ऐकवत आले होते. ते ऐकून घ्यायला कसं वाटतं, हे त्यांना प्रथमच कळत होतं. ते उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सार्जंटने मागे वाकून पाहिलं. लाल रुमाल, भिजलेला पदर, घामेजलेल्या सुचित्राबाई.

"ठाकूर? देव नेताय?" तो दचकून म्हणाला. "आधी सांगायचं ना, दादा!" आणि शिट्टी फुंकून त्याने आख्खा चौक थांबवला.

मंडळाच्या गल्लीत ढोल वाजत होते. मुलं लेझीम घेऊन उभी. दोरीने बांधलेल्या दोन गाड्या येताना पाहून सगळे क्षणभर गोंधळले, मग एक मुलगी ओरडली, "बाप्पा टो होके आ रहे हैं!" आणि ढोल दुप्पट झाले. मुलं नाचत पुढे आली. आणि हे जपानी गाडीच्या डोळ्याने पाहिलं. तो आता स्वच्छ होता, नवाथ्यांनी रुमालाने पुसलेलाच होता ना. पुढे माणसं आहेत, असं त्याला दिसलं आणि तो आपल्या कर्तव्याला जागला. गचकन ब्रेक!

मागे चारुदत्तरावांनी पाय दाबला. बंद इंजिनाच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो. गाडी पायी चालल्यासारखी आली, आली, आणि धप्प!

ढोल थांबले. सगळ्यांच्या मनात एकच, मूर्ती!

"बाप्पा ठीक आहेत," आतून सुचित्राबाई म्हणाल्या. धक्का बसायच्या आधीच त्यांनी पाट अंतराळी उचलून धरला होता.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चारुदत्तरावांनीही सोडला, खरंच सोडला. पण मग ते खाली उतरले आणि त्यांना बंपर दिसले. जपानी गाडीची मागची बाजू चेपून आत गेली होती. अमेरिकन गाडीवर एक ओरखडा होता, तोही बोटाने पुसता येईल असा.

"नवाथे!" ते बंपरवर थाप मारत म्हणाले. "पाहिलंत? लोखंड! याला म्हणतात लोखंड!"

"अहो, चेपली म्हणूनच आतली माणसं वाचतात! पत्रा चेपण्यासाठीच असतो! तंत्र आहे ते! आणि आधी सांगा, ठोकलीत कुणी? मागच्याने!"

"थांबलं कोण? पुढचा!"

"मूर्ती आणली कुणी? ओढली आमच्या गाडीने!"

"बसली कशात? आमच्या गाडीत! मान गाडीचा असतो, बैलाचा नव्हे!"

"मी बैल?"

अध्यक्ष सुधाकरराव दोघांच्या मध्ये येऊन "दोघांचंही बरोबर आहे, पण," एवढं म्हणाले आणि सवयीप्रमाणे तिथेच थांबले. वाद अगदी रंगात आला होता, तेवढ्यात आतून घंटा वाजली. शंख वाजला. आणि 'सुखकर्ता दुःखहर्ता' सुरू झालं.

दोघांनी मागे वळून पाहिलं. अमेरिकन गाडीचं दार उघडं होतं. मागची सीट रिकामी होती.

दारातल्या पायरीवर पाणी सांडलेलं दिसत होतं, अक्षता विखुरल्या होत्या. अलकाताईंनी ज्याच्या हातात मूर्ती त्याच्या पायांवर पाणी घातलं, ज्याच्या हातात मूर्ती त्याला ओवाळलं, भाकरतुकडा उतरून टाकला, आणि माणूस आत गेला. गल्लीत उभ्या असलेल्या कुणालाही त्या वेळी गाडी कुठल्या देशाची ते आठवलं नव्हतं.

चारुदत्तराव आत धावणार होते. पण गल्ली अडली होती. मागे एक टॅक्सी, तिच्यामागे भाजीची गाडी, आणि ओरडा सुरू. गाड्या बाजूला घ्याव्यात तर दोर सोडायला हवा. दोघांनी गाठीला हात घातला. ओढली, नखांनी उकरली, दातांनी धरली. धक्क्याने ती आणखी आवळून बसली होती. तेव्हा ते दोघे तिथेच उभे राहिले, एकजण एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि आतली आरती त्यांनी रस्त्यावरून म्हटली. टाळ्याही वाजवल्या. चारुदत्तरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी घामाबरोबर पुसून टाकलं.

आरती संपली. सुचित्राबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पदर ओला, कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे चारुदत्तरावांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही मुठींत खिरापत होती.

"मला ओवाळलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही मूर्ती घेऊन पुढे जायचात, मी मागे पिशव्या सांभाळायची. मला वाटायचं, त्यात काय मोठंसं. आज हातात घेऊन पायरी चढले तेव्हा कळलं. बरं झालं हो, जायच्या आधी एकदा मला मिळालं."

चारुदत्तरावांना काहीतरी बोलायचं होतं. मान गेला, पण तो घरातच राहिला, असलं काहीसं. छान वाक्य होतं, ओठांवर आलं होतं. त्यांनी हात पुढे केला.

"वहिनी," नवाथे म्हणाले, "धक्के कमी बसले ना पण? आमच्या गाडीचा पिकअप फार स्मूथ आहे."

चारुदत्तरावांचा पुढे केलेला हात वळला. त्याचं बोट झालं आणि ते नवाथ्यांच्या नाकासमोर गेलं. "धक्के बसले नाहीत ते आमच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमुळे! अमेरिकन आहेत ते!"

"नक्की? उलटे करून पाहिलेत?"

"आत्ता पाहतो!" चारुदत्तराव म्हणाले आणि टॉर्च लावून गाडीखाली शिरले. त्यांच्यामागोमाग नवाथेही शिरले.

सुचित्राबाईंनी क्षणभर दोघांच्या बाहेर राहिलेल्या पायांकडे पाहिलं. मग एका मुठीतली खिरापत तोंडात टाकली, मागून दुसऱ्या मुठीतलीही टाकली, आणि दुसऱ्या आरतीला आत निघून गेल्या.